आईच्या हाडातलं शिसं आणि सातव्या महिन्यातलं बीपी

माझ्या धाकट्या बहिणीला सातवा लागलाय आणि तिच्या फोनवर रोज सकाळी एक तरी फॉरवर्ड येऊन पडलेला असतो. नॉनस्टिक तवा फेकून द्या, नेलपेंट लावू नका, प्लास्टिकच्या डब्यातलं खाऊ नका, मोबाईल पोटावर ठेवू नका. ती बिचारी सगळं वाचते आणि रात्री जेवणं झाली की मला फोन लावते, कारण मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते आणि आमच्या घरात केमिकल म्हटलं की ताईला माहिती असणारच असा एक समज आहे. मागच्या आठवड्यात विचारत होती, डोहाळजेवणाला केसांना कलर करू का नको, बाळाला काही होईल का. मी म्हटलं बाळाचं राहू दे जरा, तुझं बीपी किती आलं परवा? तर म्हणे १३४/८६, डॉक्टर म्हणाल्या लक्ष ठेवू. नंतर आमचं जे दीड तास बोलणं झालं ते डोक्यातून जात नाहीये म्हणून नीट लिहून काढतेय.

पहिली गोष्ट, हे सगळे फॉरवर्ड बाळाबद्दल असतात. बाळाचा मेंदू, बाळाचं वजन, बाळाचा रंगसुद्धा (हो, त्याचेही येतात). आई म्हणजे जणू नुसती पिशवी, तिच्यातून काहीतरी बाळापर्यंत जातं आणि तिला स्वतःला काही होतच नाही. खरं तर कुठलंही केमिकल आधी तिच्या रक्तात फिरतं, तिच्या किडन्यांतून गाळलं जातं, तिच्या रक्तवाहिन्यांवर काम करतं आणि मग नाळेतून पुढे जातं. त्यात गरोदरपणात शरीराचा सगळा हिशेबच बदललेला असतो, रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, किडन्या जवळपास दीडपट गाळायचं काम करतात, श्वासावाटे आत येणारी हवा वाढते. म्हणजे एकाच खोलीत सासू आणि सून धुरात बसल्या तर सुनेच्या छातीत धूर जास्त जातो. आणि आतड्यांची कॅल्शियम, लोह ओढून घ्यायची ताकदही वाढते, ती चांगल्यासाठीच वाढते, पण आतडी काही प्रत्येक अणूचं आधार कार्ड तपासत बसत नाहीत.

इथेच शिसं येतं. शिसं आणि कॅल्शियम या दोघांवर दोन-दोन पॉझिटिव्ह चार्ज, त्यामुळे शरीर बऱ्याच ठिकाणी शिशाला कॅल्शियमच समजतं आणि नेऊन हाडात ठेवतं. रक्तात गेलेलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं, पण हाडात बसलेलं वर्षानुवर्षं, काही हाडांत तर वीस-तीस वर्षं सुद्धा टिकतं. मोठ्या माणसाच्या अंगात जेवढं शिसं असतं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त हाडात असतं. एरवी ते तिथे गपगुमान पडून असतं, एफडीत ठेवलेल्या पैशासारखं. आता पोटातल्या बाळाला हाडं बनवायला सगळं मिळून सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बहुतेक शेवटच्या तीन महिन्यांत लागतं. जेवणातून ते आलं नाही तर शरीर आईची एफडी मोडतं. आणि एफडी मोडली की कॅल्शियमबरोबर तिथे बसलेलं शिसंही उठून रक्तात येतं.

म्हणजे बाईने गरोदरपणात शिशाला हातही लावला नाही तरी तिच्या रक्तातलं शिसं वाढू शकतं, तिच्याच हाडातून.

माझ्या बहिणीला हे पटेना. म्हणाली हे हाडातूनच आलं आणि कालच्या जेवणातून आलं नाही हे कोणाला कसं कळणार? प्रश्न एकदम बरोबर आहे आणि याचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. ऑस्ट्रेलियात ब्रायन गल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात यासाठी एक युक्ती केली. शिशाचे चार आयसोटोप, म्हणजे वजनाने किंचित वेगळे चार प्रकार, असतात आणि खाणीखाणीनुसार त्यांचं एकमेकांशी प्रमाण वेगळं असतं, म्हणजे शिशाला गावाचं नाव चिकटलेलं असतं असं समजा. ऑस्ट्रेलियातल्या शिशाचं प्रमाण युरोपातल्यापेक्षा ठळकपणे वेगळं. तर त्याने बाहेरून, मुख्यतः पूर्व युरोपातून, नुकत्याच ऑस्ट्रेलियात राहायला आलेल्या बायका निवडल्या. त्या आता खात पीत होत्या ऑस्ट्रेलियातलं, पण हाडात होतं माहेरचं शिसं. त्या गरोदर राहिल्यावर वेळोवेळी रक्त तपासलं तर माहेरच्या सहीचं शिसं रक्तात वाढताना दिसलं, आणि बाळंतपणानंतर दूध पाजताना अजून वाढलं. हाडातूनच येतंय, वादच मिटला.

आम्ही दोघी बहिणी पुण्यात स्वारगेटजवळ वाढलो, ती १९९४ ची, मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी. भारतात शिसेवालं पेट्रोल पूर्ण बंद झालं १ फेब्रुवारी २००० पासून. म्हणजे तिची पहिली पाच-सहा वर्षं आणि माझी दहा-अकरा, रोज रिक्षा टेम्पोच्या धुरात, गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी पूड बसायची ते मला अजून आठवतंय. लहान मुलांच्या हाडांची उलाढाल भराभर होते त्यामुळे तेव्हाचं सगळं काही आज शिल्लक नसणार, पण थोडंफार असणारच. आज तिशीत असलेल्या, मोठ्या शहरात वाढलेल्या आणि आता बाळंतपणाला आलेल्या सगळ्याच बायकांचं हे आहे.

आता या शिशाने आईला काय होतं. सगळ्यात पक्कं माहीत असलेलं म्हणजे बीपी. शिसं रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या कॅल्शियमच्या कामात ढवळाढवळ करतं आणि वाहिन्या सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पाडतं, वाहिन्या आवळून राहतात, बीपी वर जातं. गरोदरपणात खरं तर वाहिन्या सैल व्हायला हव्यात, एवढं वाढलेलं रक्त कुठेतरी मावायला पाहिजे ना. गरोदरपणातलं बीपी आणि शिसं यांचा संबंध अगदी कमी प्रमाणाच्या शिशालाही दिसलाय. १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं की डॉक्टर त्याला गरोदरपणातलं हाय बीपी म्हणतात, आणि त्याच्याबरोबर लघवीत प्रोटीन जायला लागलं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट्सवर परिणाम दिसला तर प्रीएक्लॅम्पसिया, जो आईच्या जिवावर बेतू शकतो. आणि बाळंतपण झालं की सगळं संपलं असंही नाही, ज्यांना हे झालं त्यांना पुढे आयुष्यात हाय बीपी आणि हार्टचा त्रास व्हायची शक्यता जास्त राहते. अर्थात बीपी वाढायला दहा कारणं असतात, पहिलटकरीण असणं, वजन, आईला झालेलं असणं, जुळी. शिसं त्यातलं एक. पण जे कोणी विचारतच नाही असं एक.

किती शिसं म्हणजे जास्त? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत रक्ताच्या एका डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमला सावध व्हा असं सांगितलंय (सुरक्षित असा आकडा नाहीच, हा फक्त कामाला लागायचा आकडा). मुलांना शिकवताना मी असं सांगते, बाईच्या अंगात पाच लिटर रक्त धरा, म्हणजे ५० डेसिलिटर, गुणिले ५, झाले २५० मायक्रोग्रॅम. मिठाचा एक बारीक कण साधारण ६० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे अख्ख्या अंगातल्या रक्तात मिळून मिठाचे चार कण. एवढ्याने घंटा वाजते.

मग हे चार कण आजच्या काळात, पेट्रोल बंद झाल्यावर, येतात कुठून? याची सगळ्यात भन्नाट गोष्ट बांगलादेशातली आहे आणि ती सुरूच गरोदर बायकांपासून झाली. तिथल्या खेड्यांतल्या ४३० गरोदर बायकांचं रक्त तपासलं तर १३२ जणींचं शिसं ५ च्या वर निघालं. खेड्यात, जिथे ना कारखाना ना ट्रॅफिक. आधी संशय डब्यांवर, मग शेतातल्या औषधांवर, बरंच काय काय तपासून झालं. शेवटी स्टॅनफर्डच्या जेना फोरसाइथ आणि बांगलादेशातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी वर सांगितलेलीच आयसोटोपची युक्ती वापरली आणि २०१९ मध्ये बायकांच्या रक्तातलं शिसं जुळलं कशाशी, तर हळदीशी. हळदीला चकाकी यावी म्हणून हळकुंडं पॉलिश करताना त्यात लेड क्रोमेट घालत होते, शिशाचाच झगझगीत पिवळा रंग, जो रस्त्यावरच्या पट्ट्यांना आणि फर्निचरला वापरतात तो. तिकडे त्याला पेउरी म्हणतात (आपल्याकडच्या पिवडीची आठवण होते ना). म्हणे १९८० च्या दशकात मोठा पूर आला, हळकुंडं नीट वाळली नाहीत, काळपट पडली, गिऱ्हाईक घेईना, तेव्हापासून ही आयडिया निघाली. काही नमुन्यांत एका ग्रॅम हळदीत १००० मायक्रोग्रॅमहून जास्त शिसं होतं. आमटीत पाव चमचा हळद घातली तरी हिशेब करा, चार माणसांत वाटून सुद्धा.

आणि ही गोष्ट चांगली संपते, तिथल्या फूड सेफ्टीवाल्यांनी मनावर घेतलं, ढाक्याच्या घाऊक बाजारात धाड टाकली, दंड केला, पेपरात फोटो आले, आणि २०१९ ला बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं ते २०२१ ला शून्यावर आलं. दोन वर्षांत.

मी सांगलीत राहते, म्हणजे हळदीच्या गावात, २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे या भागाची खास म्हणून सरकारी ओळख, मिळाली तेव्हा आमच्याकडे पेढे वाटायचे बाकी राहिले होते, त्यामुळे माझा कोणाच्या हळदीवर आळ घ्यायचा विचार नाही. पण नंतर भारत, पाकिस्तान, श्रीलंका आणि नेपाळमधल्या २३ शहरांतले ३५६ नमुने तपासले तेव्हा १४ टक्के नमुन्यांत ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त शिसं निघालं, सगळ्यात वाईट पाटण्यात. आणि यातला एक मुद्दा आपल्या आया आज्यांच्या समजुतीला धक्का देणारा आहे. आपण म्हणतो ना, विकतची पूड नको बाई, हळकुंडं आणून गिरणीतून दळून घ्यावी, ती शुद्ध. तर रंग हळकुंडावरच चढवलेला असतो, त्यामुळे अशा ठिकाणी हळकुंड आणून दळलं तरी शिसं तेच. हळकुंड घेताना बाहेरून पिवळं धमक आणि मोडल्यावर आतला रंग वेगळाच फिका दिसतोय, बोटाला नुसत्या स्पर्शाने झगझगीत पूड लागतेय, तर ते ठेवा परत. खडबडीत, मातकट, न चमकणारं हळकुंड बरं. डोळ्यांनी खात्री होत नाही, लॅबमध्येच कळतं, पण निदान चकाकीला भुलू नका.

हळदीनंतर मी बहिणीला विचारलं, कुठलं काढे, भस्म वगैरे चालू नाहीये ना? गप्प बसली. सासरच्या ओळखीतल्या कोणीतरी एक पुडी दिलेली होती, गर्भ टिकायला, वर नाव नाही काही नाही. आयुर्वेदावर माझा राग नाही, शतावरी खा, मऊ भात तूप खा, पण रसशास्त्रातली जी औषधं असतात त्यात धातू मुद्दाम घातलेले असतात, नाग भस्म म्हणजे शिशाचंच भस्म. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ मध्ये सहा गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, सहापैकी पाच भारतात जन्मलेल्या, सगळ्या भारतातून आलेली आयुर्वेदिक म्हणून विकली जाणारी औषधं घेत होत्या. एकीचं शिसं ६४. म्हणजे घंटा वाजायच्या आकड्याच्या जवळपास तेरा पट. अमेरिकेत राहून, स्वच्छ पाणी, स्वच्छ हवा आणि माहेरून आलेली गोळी. तिथे गरोदर बायकांचं शिसं तपासायची पद्धत होती म्हणून सापडलं. बहिणीने ती पुडी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवली, त्यांनी बाजूला ठेवून घेतली.

अजून एक, देवळातला शेंदूर. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे केमिस्ट्रीच्या पुस्तकातलं रेड लेड, शिशाचं ऑक्साइड. बाजारात आता नुसते रंगाचेही शेंदूर मिळतात, पण पुडीवर काही लिहिलेलं नसतं त्यामुळे कुठला कुठला ते कळत नाही. देवाला लावा, कपाळाला बोट लावलंत तरी आभाळ कोसळत नाही, पण तेच हात न धुता प्रसादाचा पेढा खाऊ नका, एवढंच. आणि माती खायचे डोहाळे. आमची आई सांगते की माझ्या वेळेला ती भाजकी माती खायची, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात चक्क वजनावर मिळायची. कोणी पाटीची पेन्सिल खातं, कोणी गेरू चाटतं. याला हसण्यावारी नेतात पण अंगात लोह कमी असलं की अशी इच्छा होणं नेहमीचं आहे, आणि मातीबरोबर शिसं पोटात जातं, आणि लोह कमी असलेली आतडी शिसं अजून जास्त ओढून घेतात. म्हणजे चक्रच झालं ते. माती खावीशी वाटतेय हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका, हिमोग्लोबिन बघतील.

शिसं इथे सोडते, नाहीतर मी त्यावर पुस्तक लिहीन. दुसरं मला बोलायचंय ते गोरं करणाऱ्या क्रीमबद्दल, सगळ्या नाही, ज्या पार्लरमधून बिनलेबलच्या डबीत मिळतात किंवा कुठल्याशा देशातून आल्यात म्हणून सांगतात आणि पंधरा दिवसांत फरक दिसतो त्या. त्यांत बऱ्याचदा पारा असतो, आणि पारा कातडीला रंग देणारं मेलॅनिन बनायचं थांबवतो म्हणून फरक दिसतो. पण तोच पारा कातडीतून आत जाऊन किडनीची चाळणी खराब करतो आणि लघवीतून प्रोटीन जायला लागतं, पायावर तोंडावर सूज येते. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तीन बायकांच्या किडन्यांना अशा क्रीममुळे त्रास झाल्याचं २०२३ च्या सुरुवातीला सगळ्या पेपरांत आलं होतं, क्रीम तपासली ती मुंबईच्या केईएममध्ये. केरळातही त्याच वर्षी असे पेशंट एका मागोमाग सापडले. आता गरोदर बाईच्या बाबतीत गोची बघा, सूज आली, लघवीत प्रोटीन आलं, तर कोणीही डॉक्टर आधी प्रीएक्लॅम्पसियाच समजणार आणि ते बरोबरच आहे, पण पेशंटने क्रीमचं सांगितलंच नाही तर पारा डोक्यात येणार कसा. गरोदरपणात चेहऱ्यावर वांग येतात, बायका नेमक्या तेव्हाच असल्या डब्यांकडे वळतात. डबीवर मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल, मर्क्युरी असलं काही लिहिलेलं असेल, किंवा सोन्या चांदीच्या दागिन्यांना लावू नका असं लिहिलेलं असेल, तर ती डबी पाऱ्याची समजा. वांग बहुतेकींचे बाळंतपणानंतर आपोआप फिके होतात.

तिसरं मशेरी. यावर बहीण फोनवर कुजबुजायला लागली कारण सासूबाई बाजूच्या खोलीत होत्या. चिंचवडला टू बीएचकेमध्ये राहतात, पण गॅलरीत तवा ठेवून तंबाखू काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने दातांना लावायची हे चालूच. बहीण लावत नाही, पण भाजतानाचा तो खाट घरभर होतो, खोकून खोकून जीव जातो म्हणाली. मशेरी, मिश्री, काही म्हणा, बायकांना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायची पावडर वाटते. मुंबईत हजाराहून जास्त, नेमक्या १२१७ गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा करून केलेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला, त्यात १७ टक्के बायका बिनधुराची तंबाखू वापरत होत्या आणि त्यातल्या बहुतेक मशेरीच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी, हे सगळे सांगतात. पण त्याच अभ्यासातून पुढे आईबद्दलही निघालं, मशेरी तंबाखू वापरणाऱ्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी, ॲनिमिया असण्याची शक्यता १.७ पट. बाळंतपणात रक्त जातं तेव्हा ॲनिमिया असलेल्या बाईला सावरायला हाताशी काही नसतं. सासूबाईंना कसं सांगायचं हा केमिस्ट्रीचा प्रश्न नाही त्यामुळे मी तिच्या नवऱ्याला फोन केला, म्हटलं तुम्ही सांगा, तुमची आई आहे.

बाकीचं भराभर सांगते. चुलीचा धूर वाईटच, त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला धरून बसतो आणि ऑक्सिजनची जागा खातो, पण नुसता गॅस दिला की सगळं सुधारतं असंही नाही, तामिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडामधल्या ३२०० गरोदर बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींना गॅस देऊनही बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक पडला नाही, २०२२ मध्ये हे आलं तेव्हा भल्याभल्यांना धक्का बसला. कदाचित तोपर्यंत उशीर झालेला असतो, कदाचित शेजारच्या चुलींचा धूर येतोच. गॅस आला तर घ्याच, आईच्या डोळ्यांना आणि छातीला तरी आराम पडतो.

फवारणीचं म्हणाल तर यवतमाळला २०१७ मध्ये वीसहून जास्त शेतकरी शेतमजूर विषबाधेने गेले तेव्हा सगळी चर्चा पंप पाठीवर घेणाऱ्या पुरुषांची झाली. पाणी आणून देणारी, ड्रममध्ये औषध ढवळणारी, नवऱ्याचा औषधाने भिजलेला शर्ट हाताने धुणारी आणि दोन दिवसांनी त्याच कपाशीत निंदायला जाणारी बाई कोणी मोजत नाही. ही औषधं कातडीतूनही आत जातात. चक्कर, मळमळ, घाम, डोकेदुखी ही विषबाधेची लक्षणं आणि गरोदरपणाचीही लक्षणं, म्हणून ती दिवस गेलेत म्हणून होतंय असं समजून घरीच पडून राहते. शर्ट वेगळा, हातात रबरी हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी बांधून धुवा, आणि शक्य असेल तर नवऱ्यालाच धुऊ दे.

नॉनस्टिकचं भूत. तव्यावरचा थर पोटात गेला तरी तसाच बाहेर पडतो, अडचण होती ती तो थर बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओए नावाच्या केमिकलची. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात पार्कर्सबर्गजवळ ड्यूपॉन्टच्या कारखान्यातून ते पाण्यात गेलं, सुमारे ६९००० लोकांची तपासणी झाली आणि २०११ मध्ये शास्त्रज्ञांच्या पॅनेलने सांगितलं की गरोदरपणातल्या हाय बीपीशी याचा संबंध बहुधा आहे. पुन्हा बीपी, पुन्हा आई. म्हणजे धोका तव्यापेक्षा कारखान्याच्या आसपासच्या पाण्याला. याच कुळातली केमिकल बनवणारा इटलीतला मिटेनी कारखाना पाणी खराब करून २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला आणि त्याची मशिनरी आपल्या लोटे परशुरामला आली, रत्नागिरीकरांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. प्लास्टिकच्या डब्यांबद्दल मी बहिणीला एवढंच सांगितलं की गरम आमटी त्यात ओतू नको आणि त्यातच मायक्रोवेव्ह करू नको, स्टीलचा डबा घे. केसांच्या कलरमधलं कातडीतून आत जाणारं प्रमाण फारच कमी, एकदा लावलास तर लाव, खिडकी उघडी ठेव. पार्लरमध्ये दिवसाला आठ डोकी रंगवणाऱ्या गरोदर मुलीची गोष्ट वेगळी आहे, तिला हातमोजे आणि पंखा पाहिजे, पण तिला फॉरवर्ड कोण पाठवतंय.

एवढं ऐकून ती म्हणाली ताई, तू तर फॉरवर्डपेक्षा जास्त घाबरवलंस, आता हाडातलं शिसं काढू कसं? काढायचं नाही, बसू द्यायचं. आणि ते बसवायची गोष्ट तुझ्या कपाटात पडलेली आहे. मेक्सिको सिटीत शेकडो गरोदर बायकांना रोज रात्री १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिलं, दुसऱ्या गटाला नुसती नावाची गोळी. कॅल्शियमवाल्यांच्या रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी, आणि ज्यांनी निदान पाऊणएक गोळ्या घेतल्या त्यांचं २४ टक्क्यांनी कमी. एफडी मोडावीच लागली नाही, घरात रोख होती. लोहाचंही तसंच, लोह भरपूर असलं की आतडी शिसं आणि कॅडमियम हा दुसरा विषारी धातू कमी ओढतात. आणि आपल्याकडे एनएफएचएसच्या, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, २०१९-२१ च्या पाहणीत निम्म्याहून जास्त, ५२.२ टक्के, गरोदर बायकांना ॲनिमिया. म्हणजे आशाताई ज्या लाल गोळ्या घरी आणून देतात आणि ज्या आपण काळी शी होते म्हणून ड्रॉवरमध्ये टाकतो, त्या नुसत्या रक्त वाढवायच्या गोळ्या नाहीत.

फक्त घ्यायची पद्धत. सरकारी नियमाप्रमाणे चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिलिग्रॅम लोहाची एक गोळी फॉलिक ॲसिडसकट, आणि कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमची दिवसातून दोनदा जेवल्यावर. दोन्ही एकत्र घेतल्या तर कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही, मध्ये दोन तास तरी पाहिजेत, आणि लोहाबरोबर चहा अजिबात नाही, लिंबू सरबत चालेल. बहीण सगळ्या गोळ्या सकाळी नाश्त्याला चहाबरोबर एका घोटात घेत होती, काम उरकल्यासारखं. आता तिने फोनला तीन अलार्म लावलेत. आणि भस्म, क्रीम, माती, बॅटरीचं किंवा सोल्डरिंगचं काम यातलं काही असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातलं शिसं तपासून घेता येतं, मोठ्या लॅबमध्ये होते ती टेस्ट. डोकं ठणकणं, डोळ्यांसमोर चमकणं, छातीखाली पोटात दुखणं यातलं काही झालं तर मात्र मला फोन करायचा नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

तिने मग विचारलं बाळंतपण झालं की बंद ना गोळ्या? म्हटलं नाही, दूध पाजतानाही हाडं कॅल्शियम सोडतच असतात, गल्सनने तपासलेल्या बायकांचं शिसं तेव्हाच जास्त वाढलं होतं, म्हणून दोन्ही गोळ्या नंतरही सहा महिने. दूध मात्र बंद करायचं नाही.

"म्हणजे अजून आठ महिने?"

"साडेआठ."

पलीकडून मोठा उसासा आला, आणि मग अलार्म वाजला, रात्रीच्या कॅल्शियमचा.